कुस्तोच्या नावाचं घड्याळ

स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या आयडब्ल्यूसी कंपनीने 2014 मध्ये ‘अ‍ॅक्वाटायमर’ मालिकेत एक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) आणला. 44 मिलिमीटरची स्टीलची केस, गडद निळी तबकडी आणि मागच्या झाकणावर कोरलेला सागरसंशोधक जाक-इव कुस्तो. आज डायव्हिंगचं असं घड्याळ हौशी संग्राहकांची महागडी वस्तू आहे, पण त्याचं कूळ निव्वळ गरजेतलं.

पूर्वी पाणबुड्याला वरून नळीने हवा मिळे आणि त्याची वेळही वरचाच माणूस मोजे. युद्धात पोळलेल्या फ्रान्समध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरने पेट्रोलऐवजी गॅसवर मोटारी चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. 1943 मध्ये नौदल अधिकारी असलेल्या कुस्तोने त्याच्या मदतीने ती श्वासासाठी वळवली आणि ‘अ‍ॅक्वालंग’ जन्माला आलं. नळी सुटली, माणूस माशासारखा मोकळा झाला; वेळ मोजणारा मात्र वरच राहिला.

आणि वेळ तर फार कडक. दाब वाढतो तशी हवा भराभर संपते: वर तासभर पुरणारी टाकी 30 मीटरवर जेमतेम पंधरा मिनिटं पुरते.

ब्लांकपां कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तर स्वतः पाण्यात उतरत. वेळेचं भान सुटून एकदा त्यांची हवा संपली होती. 1953 मध्ये त्यांनी ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ काढलं. उतरताना तबकडीभोवतीच्या कड्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग किती मिनिटं गेली ते कड्यावरच वाचायचं. कुस्तोच्या 1956 च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटात त्याच्या साथीदारांच्या मनगटावर हेच घड्याळ होतं.

पुढे कडं एकाच, काट्यांच्या उलट्या दिशेने फिरेल अशी सोय रूढ झाली. धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येतो आणि वाचतो. घड्याळांच्या साऱ्या कारागिरीत मला याहून शहाणी युक्ती दिसत नाही.

1967 च्या पहिल्या अ‍ॅक्वाटायमरमध्ये ते कडं काचेच्या आत होतं. 2014 च्या घड्याळात बाहेरचं कडं फिरवलं की आतलं फिरतं, तेही उलटच. बाजूची स्टॉपवॉचची बटणं मिरवायला छान. पण डायव्हिंगचं कुठलंही घड्याळ हाती आलं, तर आधी मिनिटांचं कडं फिरवून बघा. ते दोन्हीकडे सरकत असेल, तर ते घालून पाण्यात उतरू नका.