वारूळ पाडलं, मुंग्या कुठे गेल्या?

२००९ साली चीनमध्ये एक पुस्तक आलं. नाव 'यीत्सू', म्हणजे मुंग्यांची जमात. लेखक लियान सी हा तरुण संशोधक. आणि मुंग्या कोण? तर कॉलेजची पदवी घेऊन बीजिंगमध्येच राहिलेली, तुटपुंज्या पगारावर दिवस ढकलणारी पोरं-पोरी. हुशार, पण एकेकटी दुबळी आणि घोळक्याने राहणारी. म्हणून मुंग्या.

त्यांचं सगळ्यात मोठं वारूळ म्हणजे तांगजियालिंग. बीजिंगच्या वायव्येला, हायदियान जिल्ह्याच्या कडेला असलेलं गाव. मूळ गावकरी साधारण तीन हजार, बाहेरून आलेले त्याच्या कितीतरी पट. गावकऱ्यांनी घरांवर मजले चढवले, एकेका मजल्याच्या खोल्या पाडल्या आणि भाड्याने दिल्या. आपल्याकडच्या भाषेत कॉट बेसिस म्हणा ना! पोरं सकाळी खच्चून भरलेल्या बसला लोंबकळत शहरात जायची. कोणी विमा विकायचं, कोणी कॉम्प्युटर, कोणी छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत राबायचं. लियान सीच्या पाहणीत त्यांची सरासरी कमाई महिना दोन हजार युआनच्या आत निघाली. त्या वर्षी बीजिंगचा सरासरी पगार चार हजारांच्या आसपास होता. बहुतेक जण खेड्यातून, छोट्या गावांतून आलेले. घरी फोन केला की मात्र एकच उत्तर, 'सगळं छान चाललंय.'

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं जे सगळ्यांच्या येतं. एवढे हाल सोसण्यापेक्षा पोरं गावाकडे परत का जात नाहीत? मग बातमीदाराच्या सवयीने तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. चित्र वेगळंच दिसलं.

आधी चीनमध्ये कॉलेजात जागा मिळणं म्हणजे लॉटरी होती. सांस्कृतिक क्रांतीनंतर १९७७ ला प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ५७ लाख बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. पण एकदा आत गेलात की आयुष्य मार्गी लागलं. शिक्षण जवळपास फुकट, नोकरी सरकार नेमून देणार, घरही नोकरीच्या ठिकाणाहून मिळणार.

नव्वदच्या दशकात हे एकेक करून गेलं. १९९७ पासून सगळ्यांना फी लागू झाली. नोकरी नेमून देण्याची पद्धत त्याच काळात मोडीत निघाली. १९९८ ला सरकारी घरवाटप बंद करायचा निर्णय झाला. आणि नेमकं १९९९ ला कॉलेजांचे दरवाजे सताड उघडले.

ते का उघडले, हे बघण्यासारखं आहे. आशियाई आर्थिक संकटाने बाजार थंड होता, सरकारी कारखान्यांतून लाखो कामगार घरी बसत होते. तांग मिन नावाच्या अर्थतज्ज्ञाने सुचवलं, प्रवेश वाढवा. पालक पैसा बाहेर काढतील आणि पोरं चार वर्षं नोकरीच्या रांगेबाहेर राहतील. १९९८ मध्ये सुमारे ११ लाख प्रवेश होते, पुढच्याच वर्षी १६ लाख झाले. २००९ ला बाहेर पडणारे पदवीधर ६१ लाख!

एक दार मात्र बंदच राहिलं, ते म्हणजे हुकौ. १९५८ च्या कायद्यापासून चालत आलेली ही रहिवासाची नोंद. बीजिंगमध्ये शिकलात, राबलात, तरी बीजिंगचा हुकौ मिळेलच असं नाही. तो नसेल तर पोरांच्या शाळेपासून घर खरेदीपर्यंत जागोजागी अडवणूक. बरं, गावाकडे परत जावं, तर शिकलेल्याला साजेसं काम तिथे नाही. परत का जात नाहीत याचं उत्तर हे आहे.

पुस्तक गाजलं, पत्रकार तांगजियालिंगला पोचले, देशभर चर्चा झाली. मग सरकारने काय केलं? २०१० मध्ये गाव पाडायला घेतलं. गावकऱ्यांना बदल्यात फ्लॅट मिळाले. भाडेकरूंनी सामान उचललं आणि शेजारच्या, आणखी लांबच्या गावांत खोल्या शोधल्या. वारूळ पडलं, मुंग्या तेवढ्याच राहिल्या.

तेरा वर्षांनी हाच प्रकार आकड्याच्या बाबतीत घडला. जून २०२३ मध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी पदवीधर होते १ कोटी १५ लाखांहून जास्त. ऑगस्टमध्ये सरकारने हा आकडा जाहीर करणंच थांबवलं. पुढच्या जानेवारीत शिकणारी मुलं वगळून नव्या पद्धतीने मोजलेला आकडा आला, १४.९ टक्के.

मोजायची पद्धत सुधारण्यात गैर काही नाही. पण आधी वस्ती दिसेनाशी केली, नंतर आकडा. घरी फोनवर 'सगळं छान' म्हणणारं पोरगं आईबापाच्या जिवाला घोर नको म्हणून खोटं बोलतं. सरकारच जेव्हा 'सगळं छान' म्हणायला लागतं, तेव्हा त्या पोराने कुणाकडे बघायचं?