सर्व्हे नंबर, सिल्वासा: मालाच्या मागच्या पट्टीचा इतिहास

यंत्र विकत घेणारा ग्राहक त्या यंत्राविषयी आणि ते बनवणाऱ्या कंपनीविषयी आपले मत कशावरून ठरवतो, हा प्रश्न मराठी मुलखात निदान लोखंडी नांगराइतका जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धारणा होती आणि पहिला माल बराच काळ गिऱ्हाईकाविना पडून राहिला. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले, आणि कंपनी, गाव व माल ही तिन्ही एकाच नावाने ओळखली जाऊ लागली. मर्फीचा रेडिओ ठाण्याचा आणि बजाजची स्कूटर आकुर्डीची, हे त्यानंतरच्या पिढीतल्या ग्राहकाला सांगावे लागत नसे. वस्तूविषयीच्या मतात तिच्या गावाविषयीचे मतही मिसळलेले असे. सिल्वासाचा औद्योगिक इतिहास याच्या नेमका उलट आहे, कारण तिथे तयार झालेला माल घरोघरी पोचला, पण तो तिथला आहे याची दखल विकत घेणाऱ्याने क्वचितच घेतली.

सिल्वासा हे ज्याचे मुख्य ठाणे, तो दादरा व नगर हवेली हा जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाची भरपाई म्हणून त्यातील गावांचा महसूल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला आणि कालांतराने सत्ताही त्यांचीच झाली. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी सिल्वासा मुक्त केले. त्यानंतर सात वर्षे कारभार वरिष्ठ पंचायत या स्थानिक मंडळाकडे राहिला आणि ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश केंद्रशासित म्हणून भारतात सामील झाला. या काळात तिथे कारखाना म्हणावा असा एकही नव्हता. वारली, कोकणा आणि धोडिया समाजांची भातशेती, जंगल, मडकी, चामड्याच्या वहाणा आणि बांबूकाम एवढ्यावर तिथले अर्थकारण चालत होते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दान उद्योग सहकारी संघाने पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभारली, आणि त्यानंतर सिल्वासा, मसाट व खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या. पण शेड बांधून कारखाने येत नसतात, हे देशातल्या कितीतरी ओस वसाहतींनी दाखवून दिलेले आहे. इथे ते आले यामागचे कारण करांचे होते. प्रदेश केंद्रशासित असल्याने तिथल्या विक्रीकराची सूत्रे कोणत्याही राज्य सरकारच्या हाती नव्हती, आणि नव्या उद्योगांना ठराविक वर्षांसाठी विक्रीकराची माफी मिळत असे. त्यात १९९३ पासून प्राप्तिकराच्या सवलतीची भर पडली. प्राप्तिकर कायद्याच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे औद्योगिकदृष्ट्या मागास राज्ये व केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत, ईशान्येकडील राज्ये, हिमाचल प्रदेश आणि गोवा यांच्या जोडीला दादरा व नगर हवेलीचे नाव होते, आणि तिथे सुरू होणाऱ्या उद्योगाच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण करमाफी होती. वापी हे रेल्वे स्थानक सुमारे १७ किलोमीटरवर, मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर आणि वीज महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, असा हा योग होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबई-ठाण्याच्या जागांचे भाव आणि तिथले कामगार प्रश्न यांना कंटाळलेल्या मालकांना याहून अधिक काही नको होते. नकाशावर मागास, पण मुंबईच्या बाजारपेठेला लागून, अशी दुसरी जागा पश्चिम किनाऱ्यावर दमण सोडले तर नव्हती.

सर्वाधिक कारखाने आले ते कृत्रिम धाग्याला पीळ व फुगीरपणा देणारे, म्हणजे ज्याला धंद्यात टेक्स्चरायझिंग म्हणतात त्याचे. त्यांच्या मागोमाग प्लास्टिक, तांब्याची तार, केबल, विजेची उपकरणे आणि वातानुकूलन यंत्रे आली. यांतल्या पुष्कळशा मालावर नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे असे. नामांकित कंपनी आराखडा आणि छाप देई, तर जुळणी स्थानिक शेडमध्ये जॉबवर्कवर, म्हणजे ठरलेल्या मजुरीच्या कंत्राटावर होई. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाचे मत मात्र छापावरच अडकलेले राहिले. दुकानात तो ‘कंपनीचा माल’ मागे, लोकल नको म्हणे आणि सर्व्हिस कुठे मिळते ते विचारून घेई. कंपनीचा आणि लोकल असे दोन्ही माल कदाचित एकाच रस्त्यावरच्या दोन शेडमधून आले असतील, ही शंका त्याच्या मनाला शिवत नसे.

ही शंका घेण्याचे साधन कायद्याने त्याच्या हाती दिलेले होते. सप्टेंबर १९७७ मध्ये लागू झालेल्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी, म्हणजे बंद वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालाविषयीच्या नियमांनी, वेष्टनावर उत्पादकाचे किंवा वेष्टन करणाऱ्याचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक केले. सिल्वासाच्या मालाची ती पट्टी वाचण्यासारखी असते. तिच्यावर रस्त्याचे नाव बहुधा नसते. आधी ‘सर्व्हे नं.’ आणि त्यापुढे आकडा, मग नरोली, रखोली, सायली किंवा आंबोली असे गाव, जुन्या पट्ट्यांवर ‘व्हाया वापी’ आणि शेवटी बहुतेकदा पिन ३९६२३०. सर्व्हे नंबर हा शेतजमिनीच्या मोजणीचा क्रमांक आहे, त्यामुळे अशी प्रत्येक पट्टी एखाद्या बिनशेती झालेल्या शेताचा दाखलाही ठरते. यांपैकी काही जमिनी पोर्तुगीज काळात अल्वारा पद्धतीने, म्हणजे सरकारने दिलेल्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, मोजक्या धारकांकडे होत्या. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने ती पद्धत मोडून कसणाऱ्याला हक्क देऊ केला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याच शिवारांत कारखान्यांचे पत्रे चढले. मिक्सरच्या बुडावरच्या चार ओळींत एवढा इतिहास बसतो, पण ग्राहकाचे डोळे त्यातल्या किमतीच्या ओळीपलीकडे सहसा जात नाहीत.

पट्टी वाचायला शिकवण्याचे काम पश्चिम भारतात ज्या ग्राहक चळवळीने केले, तिचा सिल्वासाशी एक जुना संबंध आहे. १९५४ च्या मुक्तिलढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके आघाडीवर होते आणि त्या मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हा तिच्या उभारणीतही फडके होते. त्याआधी १९६६ मध्ये मुंबईतल्या काही महिलांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी काढली होती आणि वस्तूंच्या चाचण्यांकडे लक्ष वळवले होते. ग्राहक पंचायतीचा मार्ग वेगळा होता. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधायचे, महिन्याचा किराणा एकत्र नोंदवायचा आणि तो थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून आणायचा, अशी ती पद्धत. तिच्यातून मध्यमवर्गीय घरांना भाव, वजन आणि भेसळ यांची चांगली जाण आली. यंत्रांच्या बाबतीत मात्र ही शिकवण तोकडी पडली असे म्हणणे भाग आहे. तुरीची डाळ हातात घेऊन पारखता येते. काँप्रेसर किंवा मोटारीचे वेटोळे पारखायला प्रयोगशाळाच हवी, आणि तिथे छापावर विश्वास टाकण्यावाचून सामान्य ग्राहकाला गत्यंतर नव्हते.

ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये आला आणि सदोष वस्तू व अपुरी सेवा यांविरुद्ध कमी खर्चात दाद मागण्याची सोय झाली. सिल्वासाच्या सवलतींचा लाभ ग्राहकाला किती मिळाला, या प्रश्नाला मात्र या कायद्याने स्पर्श केला नाही. नव्वदच्या दशकात सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत रुळली, आणि एकाच पंख्याची छापील किंमत तो सवलतीच्या प्रदेशात बनला की पूर्ण कर भरणाऱ्या राज्यात, यावर अवलंबून राहिली नाही. वाचलेला कर कंपनीच्या ताळेबंदात दिसे, पण खोक्यावर त्याचा मागमूस नसे. मागास भागात रोजगार नेण्यासाठी सरकारने सोडलेला तो महसूल होता, त्यामुळे यात बेकायदा काही नव्हते. तरीही किमतीवरून कंपनीविषयी मत बनवणाऱ्या ग्राहकापुढे हिशेबाची अर्धीच बाजू येत होती एवढे खरे.

सवलतीने आणलेला उद्योग दुसऱ्या सवलतीने कसा खेचला जातो, हे २००३ नंतर दिसले. त्या वर्षी केंद्राने हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड यांसाठी दहा वर्षांची उत्पादन शुल्क माफी जाहीर केली आणि पट्ट्यांवर बद्दी, काला अंब, पंतनगर ही नावे झळकू लागली. दादऱ्यात वातानुकूलन यंत्रांचा कारखाना असलेल्या ब्लू स्टारनेही काला अंबला नवा कारखाना काढला. दादऱ्याचा कारखाना त्याने बंद पडला नाही, पण पुढचे विस्तार कुठे होणार याची दिशा स्पष्ट झाली. ग्राहकाच्या लेखी मात्र काहीच बदलले नाही. छाप तोच होता आणि जाहिरातही तीच होती. त्याच्या मताला खरा नवा आधार मिळाला तो २०१० मध्ये, जेव्हा खोलीच्या वातानुकूलन यंत्रांवर विजेच्या बचतीचे तारांकन सक्तीचे झाले आणि दुकानातल्या बोलण्यात कंपनीच्या नावाइतकेच वजन ‘किती स्टारचा’ या प्रश्नाला आले.

काही मालाविषयी तर ग्राहकाचे मत बनण्याची सोयच नाही. रखोली येथे स्टरलाइटच्या कारखान्यात प्रकाशतंतूंची केबल बनते. तिच्यातला केसासारखा काचेचा तंतू छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) ओढला जातो आणि रखोलीला त्यावर आवरणे चढून केबल तयार होते. मोबाइलचा सिग्नल गेला की ग्राहक बोल लावतो सेवा देणाऱ्या कंपनीला. जमिनीखाली गाडलेल्या केबलचा बनवणारा त्याला कधी भेटत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराच्या सवलतींचे युग संपले. उरले ते तयार जमिनी, अनुभवी कामगार आणि वीज. त्यातल्या विजेचे वितरणही १ एप्रिल २०२२ पासून टोरंट पॉवरची ५१ टक्के मालकी असलेल्या कंपनीकडे गेले आणि त्याआधी या खासगीकरणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. प्रदेशातली बहुतांश वीज कारखाने वापरतात, आणि दर ठरवणाऱ्या आयोगापुढे त्यांच्या संघटना वकील देऊन आपले म्हणणे मांडू शकतात. सिल्वासाच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला किंवा खानवेलच्या पाड्यावरच्या घराला ती ऐपत नाही. मिक्सर बिघडला तर पुढच्या वेळी ते दुसऱ्या कंपनीचा घेऊ शकतात, पण घरापर्यंत येणारी तार एकच आहे.