गादी राहिली, धाक बदलला

माळव्यातील टोंकखुर्द हे आज देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. या मुलखात पूर्वी मराठ्यांच्या पवार घराण्याची राजवट होती. १७२८ च्या सुमारास बाजीरावाच्या स्वारीबरोबर आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या बंधूंपासून देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या झाल्या. शहर एकच, पण राजे दोन!

१८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. गाद्या राहिल्या, दरबार राहिले, चोपदारही राहिले. बदलला तो राजाच्या मनातील धाक. पूर्वी सरदार फिरले किंवा रयत गाव सोडून गेली, तर राज्य डळमळत असे. तहानंतर गादीची हमी परकीयांनी घेतली. साहजिकच राजाची दृष्टी रयतेवरून पोलिटिकल एजंटाकडे वळली. १९३३ मध्ये थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव कर्जात बुडालेले संस्थान सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले व १९३७ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांना जाब विचारणारी सत्ता देवासच्या रयतेची नव्हती, दिल्लीच्या इंग्रज सरकारची होती.

हिंदुस्थानातील हा अनुभव गाठीशी असलेल्या इंग्रजांनी आफ्रिकेतही हीच रीत चालविली. तिचा मोठा पुरस्कर्ता फ्रेडरिक लुगार्ड हा १८५८ मध्ये मद्रासेत जन्मलेला. १९०३ मध्ये त्याच्या फौजांनी उत्तर नायजेरियातील कानो व सोकोतो जिंकले. तेथील अमिरांची सत्ता मोडली, पण अमिराची गादी ठेवली आणि तिच्यावर रेसिडेंट नेमला.

आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांत मात्र बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता. वडीलधारी मंडळी व गावसभा मिळून कारभार पाहत. तेथे इंग्रजांनी सनदा देऊन मुखिये निर्माण केले. या मुखियांना गावाने निवडले नव्हते, म्हणून गावाला ते भीतही नव्हते. १९२९ मध्ये स्त्रियांवरही कर बसणार अशी वार्ता पसरताच हजारो स्त्रिया या मुखियांविरुद्ध उठल्या. गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या.

इतर युरोपीय सत्तांची रीत अधिक उघड होती. फ्रेंचांनी मुखियांना बहुधा आपले हुकूम बजावणारे नोकर केले. त्यांच्या वसाहतींतील वेठ १९४६ मध्ये कायद्याने बंद झाली. बेल्जमच्या लिओपोल्ड राजाने तर १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगो आपल्या खाजगी मिळकतीसारखा वापरला आणि रबरासाठी तेथील प्रजेचे अनन्वित हाल केले. त्यापुढे इंग्रजांची राजवट सौम्य भासते.

परंतु चाबकाचे फटके मोजून परक्या राज्याची परीक्षा पुरी होत नाही. आपल्याच कारभाऱ्याला जाब विचारण्याचा लोकांचा अधिकार त्या राज्याने शिल्लक ठेवला की नाही, हेही पाहावे लागते. देवासची दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला. परके गेले, पण खाली रयतेकडे न पाहता वर पाहण्याची कारभाऱ्याची सवय त्यांच्याबरोबर आपोआप जात नाही. ती मोडण्याचे काम रयतेलाच करावे लागते.