कोनोडाँट : दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म

कोनोडाँट हे नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांच्या मुखातील दातांसारख्या घटकांचे जीवाश्म होत. ते कॅल्शियम फॉस्फेटाचे बनलेले असून त्यांची लांबी बहुधा ०.२ ते २ मि.मी. असते. कँब्रियन काळापासून ट्रायासिक काळाच्या अखेरीपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ५० कोटी ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकांत ते सापडतात. त्यांचे आकार काळानुसार झपाट्याने बदलत गेले. त्यामुळे या कालखंडातील खडकांचे वय ठरविण्यास ते अत्यंत उपयुक्त ठरले आहेत. अर्थात, त्यांची ओळख चुकली तर खडकाचे वयही चुकते.

ख्रिश्चन हाइनरिख पांडर यांनी १८५६ मध्ये बाल्टिक प्रदेशातील खडकांतून या जीवाश्मांचे प्रथम वर्णन केले. ते माशांचे दात असावेत, असे त्यांना वाटले. पुढे कोणी त्यांचा संबंध कृमींशी जोडला, तर कोणी मृदुकाय प्राण्यांशी. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळील ग्रँटन येथील कारबॉनिफेरस खडकांतून मिळालेला एक नमुना संग्रहात पडून होता. ब्रिग्ज, क्लार्कसन व ऑल्ड्रिज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ प्राण्याचे शरीर प्रथमच स्पष्ट झाले. तो सुमारे ४ सें.मी. लांब, ईलसारखा प्राणी होता आणि त्याच्या डोक्याकडील भागात हे घटक जागच्या जागी होते. हे प्राणी आद्य पृष्ठवंशी होते, असे अनेक तज्ज्ञ मानतात. त्याविषयीची चर्चा अद्याप संपलेली नाही.

हे जीवाश्म मिळविण्यासाठी चुनखडकाचे तुकडे सौम्य ॲसेटिक आम्लात ठेवतात. चुनखडक विरघळतो, फॉस्फेटाचे घटक मात्र टिकून राहतात. उरलेला गाळ बारीक चाळणीतून धुऊन घेतात व जड द्रवाच्या साहाय्याने हलके कण वेगळे करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक कुंचल्याने एकेक घटक वेचला जातो.

माशांचे दात व कृमींचे जबडे यांच्याशी कोनोडाँटांची गल्लत होऊ शकते. कृमींचे जबडे सेंद्रिय पदार्थाचे असतात. माशाच्या दातात मगजाची पोकळी असते. कोनोडाँटाच्या तळाशी बाहेर उघडणारी खोबण असते आणि त्याची वाढ बाहेरच्या पृष्ठावर एकावर एक थर चढून होते. घटकांचे ढोबळमानाने तीन आकार मानतात : साधा शंकू, दातेरी दांडी आणि रुंद फलक. वर्णन करताना मुख्य दात्याची उंची व कल, लहान दात्यांची संख्या, खोबणीचा आकार आणि पृष्ठावरील नक्षी नोंदवितात.

यातील खरी अडचण अशी की, एकाच प्राण्याच्या मुखात भिन्न आकारांचे अनेक घटक असत. पुष्कळ प्रकारांत त्यांची संख्या १५ होती. प्राणी मेल्यावर ते विखुरले जात. परिणामी आरंभीच्या अभ्यासकांनी प्रत्येक आकाराला स्वतंत्र नाव दिले व एकाच जातीची अनेक नावे रूढ झाली. जर्मनीत श्मिट व अमेरिकेत स्कॉट यांनी १९३४ मध्ये खडकात एकत्र राहिलेले संच प्रसिद्ध केले आणि ही चूक उघड झाली. आज संपूर्ण संचावरून जात ठरवितात.

या काटेकोरपणाचे महत्त्व चीनमधील मेइशान येथे दिसते. पर्मियन व ट्रायासिक काळांची सीमा तेथे ‘हिंडिओडस पार्व्हस’ या कोनोडाँटाच्या प्रथम आढळावरून आखली असून २००१ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीची ही सीमा पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या जीवविनाशाच्या लगत आहे. शेजारच्या दात्यांहून बराच उंच असलेला मुख्य दाता, ही या जातीची प्रमुख खूण होय. जुन्या थरांतून वाहून आलेला घटक नव्या थरात मिसळला असेल, तर तोही दिशाभूल करतो. म्हणून त्याची झीज व रंगही तपासतात.

रंगाचा आणखी एक उपयोग आहे. खडक तापत गेला की मूळचा फिकट पिवळा घटक तपकिरी व सुमारे ३०० अंश सेल्सिअसपलीकडे काळा होतो. एपस्टाइन दांपत्य व हॅरिस यांनी १९७७ मध्ये यावरून रंगश्रेणी मांडली. खडक खनिज तेल टिकण्याइतका थंड राहिला होता काय, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

भारतात स्पिती खोरे आणि काश्मीरमधील गुरयुल येथील थरांतून कोनोडाँट मिळाले आहेत. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा काळा पाषाण मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तो निर्माण होण्याच्या कितीतरी आधी हे प्राणी नामशेष झाले असल्याने त्यात त्यांचा शोध घेणे व्यर्थ होय.