मागे भिंत असली की...

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हटलं की चर्चा दोनच आकड्यांची: मेगापिक्सेल किती आणि झूम किती? लेन्स सुरू कुठून होते, हे कोण विचारतो! बहुतेक लेन्स फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने ३५ मिमीच्या आसपास सुरू व्हायच्या. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम ६३ अंश.

प्रवासात गोची होते ती इथेच. लांबची गोष्ट बऱ्याचदा चार पावलं पुढे जाऊन मोठी करता येते. पण अरुंद गल्लीत पाठ भिंतीला टेकली की मागे कुठे सरकणार?

रिकोच्या २००५ च्या 'जीआर डिजिटल'मध्ये २८ मिमीची एकच लेन्स होती, झूम नाहीच. पण खरा जुगार पॅनासोनिकचा. २००६ च्या 'एलएक्स२'मध्ये झूम चौपट होता, २८ ते ११२ मिमी. २००८ च्या 'एलएक्स३'मध्ये त्यांनी तो चक्क अडीचपटीवर आणला, २४ ते ६०! मेगापिक्सेलही तिथेच, १०. बदल्यात ८४ अंश आणि एफ/२ची जास्त उजेड घेणारी लेन्स. कागदावर पीछेहाट, पण कॅमेरा चांगलाच गाजला.

२०१९ च्या आयफोन ११ मध्येही दुसरी लेन्स झूमसाठी नव्हती, १३ मिमीची होती.

तेव्हा जुना कॉम्पॅक्ट शोधत असाल, तर लेन्सवरचा पहिला आकडा आधी बघा.