दहा बाय बाराच्या खोलीतले गाणे

खान्देश म्हटले की केळी, कापूस, भरीत आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन आठवते. गाणे सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावात मेहबूबखाँकडे गिरवले. लता मंगेशकरांचे आजोळ शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे थाळनेर. पावागढचे गरबे त्यांच्या कानावर पडले ते आजीच्या तोंडून. गाणाऱ्यांची ही नावे मोठी आहेतच, पण इथल्या ऐकणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. तो घराघरांतल्या लहान खोल्यांमधून गेलेला आहे आणि आज स्पीकर घ्यायला निघालेल्याला तो उपयोगी पडावा असा आहे.

आधी खोलीच पाहू. जुन्या खान्देशी गावातले घर धाब्याचे. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सर आणि कड्या, त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर, खाली शेणाने सारवलेली जमीन. ही सगळी तजवीज उन्हासाठी होती, पण तिचा फायदा आवाजालाही झाला. गुळगुळीत, कठीण भिंत आवाज जवळपास जसाच्या तसा परत फेकते. खडबडीत माती त्यातला काही भाग शोषते, कड्यांची ओळ उरलेला विखरून टाकते. त्यात गादी, तक्के आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत. भजनी मंडळ असो की घरगुती बैठक, शब्द स्वच्छ ऐकू येई.

अशा घरांमध्ये फोनो आला तो आधी सावकारांच्या, वकिलांच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यात. मिनिटाला 78 फेरे घेणारी लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. ज्या बालगंधर्वांच्या नाटकात एकेका पदाला ‘वन्समोअर’ मिळून रात्र उलटायची, त्यांचे गाणे या तीन मिनिटांत बसवलेले. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नसे. तबल्याचा डग्गा कल्पनेने ऐकावा लागे. 1925मध्ये चित्र पालटले. विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि त्याच वर्षी राइस व केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी कागदी शंकू व तारेचे वेटोळे असलेल्या स्पीकरची रचना मांडली. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच घराण्यातला आहे.

रेडिओने ऐकण्याला वेळापत्रक दिले. 1952मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली. 1957मध्ये विविध भारती आली. जळगावला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते 1976मध्ये. मध्यम लहरींवर 963 किलोहर्ट्झ. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी ‘मानिनी’ या 1961च्या चित्रपटातून आधीच महाराष्ट्रभर पोचली होती, पण आपल्या बोलीचा लहेजा आपल्याच केंद्रावरून ऐकणे ही गोष्ट वेगळी. मध्यम लहरींवर पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही येत नसे. लाकडी पेटीचा मोठा सेट त्या मर्यादेतही गळ्याला भरदारपणा देई. जुनी माणसे त्या आवाजाची आठवण काढतात, तेव्हा त्यात भाबडेपणा नसतो. लाकडाची ऐसपैस पेटी आणि मातीची खोली, दोन्ही खरोखरच चांगल्या होत्या.

मग कॅसेटचा काळ. टेप स्वस्त झाले आणि घरोघरी कारागिरी सुरू झाली. बाजारातून नुसता स्पीकर आणायचा, दोन वायरी जोडायच्या आणि तो मातीच्या माठाच्या तोंडावर बसवायचा. देशभर ठिकठिकाणी झालेली ही युक्ती आहे आणि तिच्यामागचे शास्त्र पक्के आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा मागे उलटी लाट निघते. दोन्ही मिसळल्या की खर्ज मरतो. माठ मागची लाट कोंडून ठेवतो. भाजलेली माती थरथरत नाही आणि गोल पोटात समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954मध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान स्पीकरमधून खोल खर्ज काढला, तेव्हा कपाटाएवढ्या पेट्यांची गरज संपली. माठवाल्यांना विल्चर माहीत नव्हते. त्यांनी कानाने शोधले.

घरे मात्र बदलली. धाबे गेले, स्लॅब आला. सारवण गेले, फरशी आली. आजच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक टाळी वाजवून पाहा, झणझण ऐकू येईल. बारा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्झचा सूर घुमतो, दहा फुटांच्या मध्ये 56चा. छतही दहा फुटांवर असेल तर 56चा घुमारा आणखी चढतो. अशा खोलीत पंधरा इंची वूफरचे धूड कोपऱ्यात ठेवले की लग्नाच्या वरातीतला डीजे घरात आल्यासारखे होते. बास खूप, गाणे नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद करता येत नाही. तंबोऱ्याची झिलई त्या घरघरीतच विरून जाते. म्हणून ऐकण्याची वेळ पहाटेची निवडावी.

लहान जागेसाठी लहान स्पीकर हे बीबीसीने केव्हाच मान्य केले होते. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून काम करणाऱ्यांसाठी त्यांनी 1970च्या दशकात एलएस थ्री फाइव्ह ए हा फूटभर उंचीचा स्पीकर घडवला. मानवी आवाज खरा वाटावा ही त्याची कसोटी होती, आणि ज्यांना नाट्यगीत, अभंग, बहिणाबाई ऐकायच्या आहेत त्यांची कसोटीही तीच असायला हवी.

धुळ्या-जळगावच्या मध्यम घरातल्या खोलीसाठी पाच-साडेपाच इंची वूफरची, शक्यतो बंद पेटीची जोडी पुरेशी आहे. दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातले गाणे सोबत न्यावे आणि गळा ओळखीचा वाटतो का तेवढे पाहावे. घरी पेट्या कोपऱ्यात कोंबू नयेत, भिंतीपासून हातभर पुढे घ्याव्यात, कानाच्या उंचीवर ठेवाव्यात. आणि वाचलेल्या पैशांतून जाड सतरंजी, जड पडदे घ्यावेत. घरातल्या गोधड्या कपाटात बंद न ठेवता मागच्या भिंतीशी रचाव्यात.