साथीच्या आजारांचा मुकाबला : स्थानिक संस्थांची सज्जता कशी तपासावी?

20 मार्च 2020 रोजी जबलपूर येथे परदेशातून परतलेल्या चौघांना कोरोना विषाणूचा संसर्ग झाल्याचे स्पष्ट झाले. मध्य प्रदेशातील हे पहिले रुग्ण होत. त्यांचे निदान जबलपुरातच होऊ शकले, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था 1984 पासून याच शहरात कार्यरत आहे आणि राज्यात चाचणीची सुविधा तेव्हा मोजक्याच ठिकाणी होती. मात्र प्रयोगशाळा जवळ असणे ही सज्जतेची एकच बाजू झाली.

आरोग्यविषयक आणीबाणीत जिल्हा पातळीवर अधिकार विभागलेले असतात. 1897 च्या साथरोग कायद्यानुसार राज्य सरकारला मिळालेले अधिकार प्रत्यक्षात जिल्हाधिकारी वापरतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच असते. डॉक्टर, रुग्णालये व रोगसर्वेक्षण यांची जबाबदारी मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांची, तर पाणीपुरवठा, कचरा, डासनिर्मूलन व मृत्यूनोंदणी महापालिकेकडे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरसंस्थांसाठी नमूद आहे. त्यासाठी लागणारा वैद्यकीय कर्मचारीवर्ग मात्र अनेक शहरांत राज्य शासनाचाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सुरू केलेल्या संयुक्त बाह्य मूल्यमापनात विविध क्षमतांना 1 ते 5 गुण दिले जातात, पण ती पद्धत देशांसाठी आहे. शहरासाठी 'सात-एक-सात' हे परिमाण अधिक उपयोगी ठरावे. उद्रेक 7 दिवसांत लक्षात यावा, 1 दिवसात संबंधित यंत्रणेला कळवावा आणि पुढील 7 दिवसांत प्राथमिक उपाययोजना पूर्ण व्हावी, असा त्याचा अर्थ. यात भर कागदावरील आराखड्यावर नसून प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवर आहे.

पहिले सात दिवस पाळणे सर्वांत कठीण. एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला. आरोग्य कर्मचारी संशयित रुग्णांची, डॉक्टर संभाव्य रुग्णांची व प्रयोगशाळा निश्चित निदानाची माहिती त्यात देतात. मात्र एखाद्या वस्तीतून गढूळ पाण्याच्या तक्रारी वाढल्या, तर त्यांची नोंद महापालिकेच्या पाणी विभागात होते. त्याच वस्तीतील अतिसाराचे रुग्ण आरोग्य विभागाच्या यादीत दिसतात. या दोन नोंदी आणि मृत्यूनोंदणी दर आठवड्याला कोणी एकत्र पाहते काय, हा मूल्यमापनातील पहिला प्रश्न असावयास हवा. गोदामातील औषधांची मोजदाद त्यानंतरची.

विभागलेल्या जबाबदारीचा प्रश्न जबलपुरात 1 ऑगस्ट 2022 रोजी वेगळ्या रीतीने पुढे आला. एका खासगी रुग्णालयाला लागलेल्या आगीत 8 जणांचा मृत्यू झाला. रुग्णालयाची नोंदणी आरोग्य विभागाकडे, तर अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र महापालिकेच्या कक्षेत. साथीच्या काळात खाटा तातडीने वाढवाव्या लागतात, तेव्हा ही तपासणी संयुक्तपणे होणे किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसते.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. जबलपूर महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत 2020 च्या प्रारंभी संपली आणि पुढील निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली. म्हणजे कोरोनाच्या पहिल्या दोन्ही लाटांत शहराला महापौर व नगरसेवक नव्हते. प्रशासकांमुळे निर्णय जलद झाले असतीलही. परंतु घरोघरी पाहणी, विलगीकरण, शिधावाटप या कामांत प्रभागातील परिचित प्रतिनिधीची उणीव भासतेच. महाराष्ट्रातील अनेक महापालिकांतही 2022 नंतर दीर्घकाळ प्रशासक होते.

निधीबाबत बोलायचे तर, 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी 70 हजार 51 कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली होती.

2011 च्या जनगणनेनुसार जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 24 लाख 63 हजार होती. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयावर शेजारच्या जिल्ह्यांचाही भार असतो, आणि महाकोशलातील अनेक रुग्ण उपचारांसाठी नागपूर गाठतात. त्यामुळे जबलपूरच्या सज्जतेचा हिशेब मांडताना नागपुरातील खाटांचाही विचार करावा लागतो.